पांडवांची एक रात्र आणि पाथरवटाचे हजार दिवस

महाराष्ट्रात डोंगराच्या पोटात कोरलेले काही दिसले, की त्याचा सातबारा ताबडतोब पांडवांच्या नावे चढवला जातो. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे स्वच्छ कोरलेले आहे. तरीही शहराच्या तोंडी नाव बसले ते 'पांडवलेणी'! पांडवांनी म्हणे हे सारे एका रात्रीत कोरले. पहाटे कोंबडा आरवला आणि काम अर्धवट टाकून ते निघून गेले, असे शेपूटही या कथेला जोडलेले असते. वनवासातील पाच भाऊ इतक्या ठिकाणी इतक्या रात्री छिन्नी घेऊन बसले असतील, तर त्यांनी महाभारत घडवायला वेळ कधी काढला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या थापेला आमचा आक्षेप केवळ बौद्ध वारसा पळवला जातो म्हणून नाही. तो तर पळवला जातोच, आणि त्यावर या स्तंभात यापूर्वीही लिहिले गेले आहे. आमचा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. 'एका रात्रीत' म्हटले की मजूर संपतो. त्याची छिन्नी संपते, त्याच्या हाताचे घट्टे संपतात, त्याची मजुरी संपते, त्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेली दगडाची विद्या संपते. चमत्कार सांगितला की हिशेब द्यावा लागत नाही. इजिप्तचे पिरॅमिड परग्रहावरून आलेल्यांनी बांधले असे सांगणारे महाभाग युरोप-अमेरिकेत आहेत, तेही याच जातकुळीचे. गिझाच्या पिरॅमिडजवळ १९९० साली ते बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी सापडल्या, त्यांच्या वस्तीतील भाकरीच्या भट्ट्या सापडल्या. तरी परग्रहवाल्यांचे दुकान बंद झालेले नाही. काळ्यासावळ्या कष्टकऱ्यांना एवढे मोठे काम जमले असेल, हे मान्य करणे वरच्या पायरीवर बसलेल्यांना सगळीकडेच जड जाते.

म्हणून दगडालाच साक्षीला बोलावले पाहिजे. त्यासाठी फार लांब जायला नको. मध्य रेल्वेने कर्जत सोडले की पुढचे स्टेशन पळसदरी. येथे एक लोहमार्ग खोपोलीकडे वळतो आणि दुसरा बोरघाट चढू लागतो. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले धरण येथे आहे. पावसाळ्यात मुंबईचे लोक त्या पाण्यावर मौज करायला येतात आणि संध्याकाळच्या लोकलने परत जातात. पण याच परिसरात एकाच काळ्या दगडात दोन वेगवेगळ्या काळांतील श्रमिकांनी आपले आयुष्य घातले, याची दखल घ्यायला मात्र कोणी येत नाही. कर्जतहून कोंदिवड्याच्या बाजूला, राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. आणि पळसदरीच्या वर, घाटात, १८५६ ते १८६३ या काळात खोदलेले रेल्वेचे बोगदे आहेत. लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, बोगदे दीडशे वर्षांपूर्वीचे. दगड तोच.

हा दगड कोणता, हे आधी समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि चादरीसारखा पसरला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर साचत गेले. आज शिल्लक असलेल्या या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी सर्वांत जास्त आहे. याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. पळसदरीहून राजमाची-खंडाळ्याच्या कड्यांकडे पाहिले तर या पायऱ्या डोळ्यांनी मोजता येतात. उभा कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा उभा कडा.

पण हा सगळा दगड सारखा नसतो, आणि आमच्या विषयाची खरी किल्ली येथे आहे. लाव्ह्याच्या एकेका थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट, कठीण आणि एकजीव असतो. वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. त्यांच्या पोकळीत पुढे पांढरी खनिजे आणि गारगोट्या साचतात. असा दगड ठिसूळ असतो, त्यावर नीट रेघही उमटत नाही. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. शिवाय लाव्हा थंड होताना आकसतो म्हणून उभ्या भेगा पडतात आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपते. म्हणजे लेणे कोरायचे तर डोंगर कुठेही फोडून चालत नाही. पुरेशा जाडीचा एकजीव थर शोधावा लागतो. भेगा टाळाव्या लागतात. वर जड छप्पर राहील एवढा दगड सोडावा लागतो. शिवाय जवळ पाणी हवे, व्यापाराचा रस्ता हवा, आणि वस्तीपासून थोडे अंतरही हवे. भाजे, कार्ले, बेडसे, कोंढाणे ही लेणी कोणाच्या लहरीने त्या त्या जागी आलेली नाहीत. सोपारा, कल्याण या बंदरांतून घाट चढून देशावर जाणाऱ्या व्यापारी वाटांवर, योग्य दगड पाहून ती कोरली गेली.

बिहारमधील बराबरच्या टेकड्यांत सम्राट अशोकाने आजीवकांना गुंफा दान दिल्या. तो दगड ग्रॅनाइट आहे, म्हणून तेथील भिंती आरशासारख्या घासता आल्या. सह्याद्रीच्या बुडबुड्यांच्या दगडाला तशी झिलई सगळीकडे आणता येत नाही. अजिंठ्याच्या कारागिरांनी म्हणून भिंतीवर माती, भुसा यांचा गिलावा चढवला आणि त्यावर रंगकाम केले. ज्या अजिंठ्याचे जग कौतुक करते, त्या चित्रांच्या मुळाशीही दगडाच्या स्वभावाची ही पारख आहे.

आता काम कसे चाले ते पाहू. घर खालून वर बांधतात; लेणे वरून खाली कोरतात. आधी कड्याचा दर्शनी भाग तासून सरळ करायचा, मग छताच्या उंचीवर आत शिरायचे, छत पुरे करायचे आणि पायाखालचा दगड काढत काढत खाली उतरायचे. त्यामुळे पराती-परांची बांधाव्या लागत नाहीत. न काढलेला दगडच उभे राहायला जागा देतो. खांब आणि स्तूप आणून बसवायचे नसतात, ते सोडून बाकीचे काढायचे असते. एक ढलपा चुकून उडाला तर तो पुन्हा चिकटवता येत नाही. अजिंठ्याची अपुरी राहिलेली लेणी पाहिली की हा क्रम उघड दिसतो. कोंबडा आरवल्याची खूण तेथे नाही. जागोजागी आहेत त्या छिन्नीच्या रांगा.

कोंढाण्याचे चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब, २२ फूट रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत २८ फूट उंच आहे. छताची गोलाई, खांब आणि स्तूप वजा केले तरी ढोबळ हिशेबाने तीस हजार घनफूट दगड येथून बाहेर काढला गेला असेल. या दगडाचे एक घनफूट सुमारे ऐंशी किलो भरते. म्हणजे चोवीसशे टन! दहा टनांच्या ट्रकने वाहायचे तर दोनशे चाळीस खेपा. एका माणसाने दिवसाला एक घनफूट दगड काढला असे धरले, तर तीस माणसांचे हजार दिवस झाले. तेही नुसते फोडकाम. त्यानंतर नक्षी, कमानी, वेदिकापट्टी, घासकाम वेगळे. हा आमचा कागदावरचा हिशेब आहे, पण तो कोणालाही पेन्सिल घेऊन तपासता येईल. चमत्काराचे तसे नसते.

या हिशेबात एक माणूस सहसा विसरला जातो, तो म्हणजे लोहार. काळ्या पत्थरावर चालणारी छिन्नी लवकर बोथट होते. तिला पुन्हा भट्टीत तापवून, ठोकून, पाणी पाजून धार द्यावी लागते. कोरणाऱ्यांच्या शेजारी लोहाराचा भाता धगधगत नसेल तर काम ठप्प होईल. आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हणीत कौतुक दगडाचे झाले; टाकी धरणाऱ्याचे नाही, आणि टाकी घडवणाऱ्याचे तर नाहीच नाही. वाङ्मयातही वर्णव्यवस्था असते ती अशी.

बौद्ध लेण्यांच्या भिंती मात्र वेगळे बोलतात. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली, असा शिलालेख आहे. त्याचा व्यवसाय 'कम्मार' असा लिहिला आहे. हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंद हाही कम्मारपुत्तच होता. कार्ल्याच्या जगप्रसिद्ध चैत्यगृहाचे प्रवेशद्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचे तेथे कोरलेले आहे. सुताराला लेखात 'वढकी' म्हटले आहे. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. कुड्याच्या लेण्यांत माळी दान देतो, जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो, नाशिकला कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले जातात आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंच्या चिवराची सोय होते. व्याजाचा दरही लिहिलेला आहे, दरमहा शेकडा एक. ज्यांच्या हाती ठेव सोपवली जात होती ते विणकर होते, हे ध्यानात घ्या.

याहून महत्त्वाचा आहे कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाचा लेख. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दोन व्यापारी भावांनी हे चैत्यगृह करवले. लेखात त्यांची नावे आहेत, कामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंची आहेत, आणि तेवढ्यावर तो थांबत नाही. 'सेलवढकी' म्हणजे दगडकाम करणारे, आणि त्यांच्याबरोबर निरनिराळ्या दर्जाचे कारागीर त्यात नोंदले आहेत. शेवटी घासून गुळगुळीत करणाऱ्या 'मिथिका'चे नावही दिले आहे, खदरकी. दान देणाऱ्या शेठजीच्या पंक्तीला घासकाम करणारा मजूर! 'सेलवढकी' हा शब्द तर सोन्यासारखा आहे. सेल म्हणजे शैल, दगड. आणि वढकी म्हणजे सुतार. दगडाचा सुतार. लेणी कोरणाऱ्यांची विद्या लाकूडकामातून आली हे विद्वान ग्रंथ लिहून सांगतात, ते कारागिरांनी एका शब्दात सांगून ठेवले आहे.

त्याचा पुरावा कोंढाण्याला समोर उभा आहे. चैत्यगृहातील अष्टकोनी खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला कलते आहेत. भाज्यालाही तसेच आहे. दगडाच्या खांबाला कलते असण्याचे काही कारण नाही, कारण छप्पर त्याच डोंगराचे आहे. पण लाकडी घरात छताचा रेटा पेलण्यासाठी खांब कलते रोवत. ती सवय हातातून दगडात उतरली. दर्शनी कमानीत लाकडी फासळ्या बसवण्याच्या खाचा आहेत. बाजूच्या विहाराच्या छताला दगडात कोरलेल्या तुळया आहेत, त्या काहीही पेलत नाहीत. भाजे आणि कार्ले येथे तर मूळच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत.

आणि याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डावीकडे, एका भग्न मूर्तीच्या मस्तकापाशी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. 'कण्हस अंतेवासिना बलुकेन कतं.' कण्हाचा शिष्य बलुक याने केले. राजाचे नाव नाही, गोत्र नाही, कुळ नाही. गुरूचे नाव, आपले नाव, आणि 'केले'. विद्येचा वारसा जन्मावरून नव्हे तर शिकण्यावरून सांगणारी ही ओळ मनुस्मृतीच्या पचनी पडणारी नाही. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक विहारात ती फलकावर लिहिली जावी, असे आम्हास वाटते.

लेण्यांतील आणखी एका बांधकामाकडे आमच्या लोकांनी विशेष लक्ष दिले पाहिजे, ते म्हणजे पाण्याच्या पोढी. दगडात खोदलेली ही टाकी पावसाचे आणि झऱ्याचे पाणी साठवतात. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाणपोढी दान दिल्याचा लेख आहे. भिक्खुसंघासाठी ते पाणी होते, आणि त्या संघात न्हावी असलेला उपाली होता, रस्ते झाडणारा सुनीत होता. त्यांनी शिवल्याने पाणी बाटल्याचा लेख कोणत्याही पोढीवर कोरलेला नाही. आता १९३४ सालाकडे या. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. दाराजवळच्या टाक्यावर काहींनी हातपाय धुतले. त्यावरून 'टाके बाटवले' म्हणून गिल्ला झाला. आणि अखेर आत सोडले ते कुठेही पाणी शिवायचे नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन. गिल्ला करणारे मुसलमान होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जातीचे विष कोठवर झिरपते ते त्यातून कळते. दगड तोच काळा पत्थर, टाकेही दगडातलेच. मधल्या काळात पाण्याला जात चिकटली होती. याच रायगड जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्या महाडच्या वेशीवर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इतिहासाची ही शेजारवस्ती आपल्या शाळांत शिकवली जात नाही.

आता पळसदरीच्या वरच्या अंगाला, घाटात येऊ. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठायची होती. पंचवीस बोगदे खोदले गेले. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. पहारीने हाताने भोक पाडायचे, त्यात काळी दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, असे ते काम. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचे नाव इतिहासात आहे. पहिला ठेकेदार फेव्हिएल याचे आहे. नंतरचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा केला, हेही मोठ्या कौतुकाने लिहिले जाते, आणि ते लिहावेही. पण १८६१ च्या सुमारास या घाटात बेचाळीस हजार मजूर काम करीत होते. त्यांतल्या एकाचेही नाव बोगद्यावर नाही.

ते मुकाट राबत होते असेही नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात मोठी दंगल उसळली, गोऱ्या मुकादमांवर मजूर धावून गेले. पुढे १८६० साली मजुरीच्या तंट्यांचा झटपट निकाल लावणारा कायदा सरकारने केला, त्यामागे रेल्वेच्या कामांवरचे असेच तंटे होते. त्या कायद्यातही ठेका मोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची तरतूद होतीच! मजुरीची मागणी आणि पटकीची साथ, या दोन्ही गोष्टी घाटाच्या गौरवगाथेत एका ओळीत उरकल्या जातात. पटकीने मेलेल्यांना याच दऱ्यांत मूठमाती मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वी खदरकीचे नाव भिंतीवर येते, आणि छापखाने, हजेरीपत्रके, ठेक्याचे करारनामे असलेल्या काळात बेचाळीस हजारांतले एक नाव उरत नाही. याला प्रगती म्हणायचे काय?

आणि आजचे काय? पनवेल-कर्जत या नव्या लोहमार्गासाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला. वर्तमानपत्रांत त्याची लांबी आली, कोट्यवधींचा खर्च आला, यंत्रांची नावे आली. आत उतरलेल्या माणसांची नावे आली नाहीत. कर्जत, खालापूर, पनवेल या पट्ट्यात दगडाच्या खाणी आणि खडी मशीन आहेत. तेथे राबणारा वडार समाज हा पिढीजात दगडाचा जाणकार. घणाच्या आवाजावरून दगड आतून भेगाळला आहे की सलग आहे, हे तो सांगतो. त्याची ही विद्या कोणत्याही विद्यापीठात मोजली जात नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया ज्यांच्यावर पडली त्यांत हा समाज येतो. आज तो विमुक्त जातींत मोडतो. लेणी कोरणाऱ्यांचे वारस शोधायचेच असतील तर ते इंद्रप्रस्थात नव्हे, खडी मशीनच्या धुळीत शोधावे लागतील. रक्ताचे वारस कोण हे आम्ही सांगत नाही. हाताचे वारस मात्र हेच. त्यांचा हजेरीपट कुठे आहे, अपघात झाला तर भरपाई कोण देतो, हे प्रश्न आमच्या चळवळीने लेण्यांच्या प्रश्नाइतकेच आपले मानले पाहिजेत.

दगडाची विद्या म्हणजे केवळ जुन्या वास्तूंचे कौतुक नव्हे, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्याने पाहिले. इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली होती. ठाकर आदिवासींची ही वाडी. घट्ट कातळावरचा झिजलेला मुरूम आणि माती अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होते आणि घसरते, हे दगड वाचणाऱ्याला ठाऊक असते. भिक्खूंचा निवारा कोरण्यापूर्वी डोंगराचा थर पारखला जात होता. आदिवासींच्या वाड्या कोणत्या थरावर उभ्या आहेत हे पारखायला सरकारपाशी नकाशे आहेत, उपग्रह आहेत, भूवैज्ञानिक आहेत. नव्हती ती निकड.

कोंढाण्याच्या लेण्यांचीही प्रकृती चांगली नाही. चैत्यगृहातील बहुतेक खांबांचे खालचे भाग नाहीसे झाले आहेत. पाणी झिरपून खडक कुजत गेला. पावसाळ्यात लेण्यांवरून धबधबा कोसळतो आणि त्याखाली भिजायला गर्दी होते. कोणी खांबाला पाय लावून फोटो काढतो, कोणी आपले आणि आपल्या प्रेयसीचे नाव बलुकाच्या शेजारी कोरतो. हे लेणे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत खाणकाम व बांधकाम करण्यास बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण, ही तरतूद १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच बसवली गेली. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागाव्यात. एक, डोंगरमाथ्यावरून येणारे पाणी लेण्यापासून दूर वळवण्याचे काय काम झाले. दोन, खांबांच्या झिजेची शेवटची पाहणी कोणत्या साली झाली.

हे मागताना आपल्याही माणसांना चार शब्द सुनावणे भाग आहे. आमचे उपासक लेण्यांत जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दगडाला चिकटवून मेणबत्त्या लावणे, उदबत्तीचा जुडगा स्तूपाच्या वेदिकेत खोचणे, निळा ऑइलपेंट घेऊन भिंतीवर घोषणा लिहिणे, याने बुद्धवंदना होत नाही. मेणाचा थर आणि काजळी या दगडातून निघत नाही, कारण त्याच्या बारीक छिद्रांत ती जाऊन बसते. ऑइलपेंट काढायला गेले तर दगडाची साल निघते. पांडव येऊन जेवढे बिघडवणार नाहीत तेवढे आपण श्रद्धेपोटी बिघडवू शकतो. असे बोलले की काहींना राग येतो. येऊ द्या.

वर्षावास संपल्यावर कर्जत-खालापूरच्या शाखा धम्मसहली काढतात. या वेळी कोंढाण्याला जाताना हारतुऱ्यांचा खर्च थोडा कमी करून एक साधा कागद छापून घ्यावा. त्यावर शिलालेखांतील पाच नावे असावीत. कोंढाण्याचा बलुक, कान्हेरीचे नंद लोहार, सामिदत्त सोनार आणि खदरकी, कार्ल्याचा सामी वढकी. त्रिशरण-पंचशील झाल्यावर ती मोठ्याने वाचावीत. सोबत जवळच्या खडी मशीनवर काम करणारा एखादा वडार बांधव न्यावा आणि खांबाचा दगड त्याला पाहू द्यावा. कोणता थर कठीण, कोणता मऊ, भेग कुठून आली आणि पाणी कुठून शिरते हे त्याने सांगावे, आणि आपल्या पोरांनी वहीत लिहून घ्यावे.